आधी निवडा, मग राखा

आमच्या जालना जिल्ह्यात एकही अभयारण्य नाही. महाराष्ट्रातल्या अभयारण्यांचा नकाशा कधी पाहिलात तर मराठवाड्याच्या वरच्या भागात एक मोठी मोकळी जागा दिसेल. वरच्या अंगाला गौताळा, पश्चिमेला जायकवाडीचं पक्षी अभयारण्य, खाली बीडकडे नायगावचं मोरांचं, आणखी खाली येडशी, आणि पूर्वेला जिल्ह्याची हद्द ओलांडली की लोणार. मधली मोकळी जागा म्हणजे आम्ही.

मंठ्यात कुणालाही याबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं आहे. "जंगलच नाही तर अभयारण्य कशाचं करणार?" बरोबरच आहे म्हणा. जिल्ह्यात जंगल दोन टक्क्यांच्याही आत आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीत ज्वारी-हरभरा. मध्ये कुठेतरी खडकाळ उंचवटा, त्यावर पिवळं गवत, चार हिवराची झाडं, दोन बोरी. त्याला आपण माळ म्हणतो किंवा गायरान म्हणतो आणि विषय सोडून देतो.

मला मात्र हे उत्तर पटत नाही. 'जंगल नाही म्हणून राखण्यासारखं काही नाही' हा हिशोबच चुकीच्या जागेवरून सुरू होतो असं मला वाटतं. आज त्यावरच लिहायचं आहे. घरच्या मंडळींनी (विशेषतः शेती करणाऱ्यांनी) रागावण्याआधी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती :-)

आधी एक साधा प्रश्न. अभयारण्यं कुठे होतात?

जगभर बघितलं तर ती बहुतेक अशा ठिकाणी झाली जिथली जमीन दुसऱ्या कुणाला नको होती. उंच डोंगर, बर्फ, वाळवंट, दलदल, जिथे नांगर चालत नाही आणि गाव वसत नाही अशी जागा. अमेरिकेतलं यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेही शेतीला निरुपयोगी असलेल्या उंच पठारावर. आपल्याकडेही तेच. सातपुड्याच्या घड्या, सह्याद्रीचे कडे, चंद्रपूर-गडचिरोलीचं दाट जंगल. मेळघाट, ताडोबा, चांदोली यांना संरक्षण मिळालं हे उत्तमच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या जागांना निसर्गानेही थोडंफार राखलेलं होतं. जिथे जमीन सपाट, काळी आणि कसदार होती तिथे नांगर आधी पोचला. अभयारण्याचा विचार करायला कुणाला सुचलं तोवर राखायला फारसं उरलंच नव्हतं.

याचा परिणाम काय झाला? डोंगरातल्या प्राण्यांना घर मिळालं, मैदानातल्या प्राण्यांना मिळालं नाही. आज आपल्या देशात अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्या पक्ष्यांची यादी काढली तर त्यात माळढोक आहे, तणमोर आहे. दोन्ही उघड्या गवताळ माळावरचे. माळढोक आता देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत आणि तेही बहुतेक राजस्थानात. वाघाची गणती दर चार वर्षांनी होते आणि पेपरात पहिल्या पानावर येते. लांडग्याचं नाव पेपरात येतं ते मेंढी मारली की.

दुसरी अडचण आपल्या नजरेची आहे. आपल्याला हिरवं दिसलं की निसर्ग दिसतो, पिवळं दिसलं की उजाड वाटतं. सरकारी कागदही त्याच नजरेने लिहिलेले. गवताळ जमिनीचा मोठा हिस्सा सरकारदरबारी 'पडीक' या सदरात मोडतो. पडीक म्हटलं की ती 'उपयोगात आणायची' जमीन झाली. मग कुणी तिथे एमआयडीसी आणतं, कुणी डंपिंग ग्राउंड, आणि काहीच सुचलं नाही की वृक्षारोपण.

वृक्षारोपणाबद्दल वाईट बोललं की लोक दचकतात. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प होता, शाळेतली पोरंसुद्धा रोपं घेऊन निघाली होती. रस्त्याच्या कडेला, बांधावर, शाळेच्या आवारात झाडं लावावीत. शंभर लावावीत. पण माळावर ओळीने खड्डे खणून गिरीपुष्प नाहीतर सुबाभूळ लावली तर तो माळ माळ राहत नाही. माळावरचे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. चारी बाजूंनी लांबवर दिसलं पाहिजे, शत्रू येताना कळला पाहिजे, हीच त्यांची सुरक्षितता. त्यांना दाट झाडी म्हणजे आडोसा वाटत नाही, धोका वाटतो. काळविटाचंही तसंच. उघड्यावर पळणं हाच त्याचा बचाव.

"पण पूर्वी इथे जंगलच असणार, माणसाने तोडून माळ केला" असं बरेच जण म्हणतात. यावर अलीकडे, २०२५ मध्ये, एक फार छान अभ्यास प्रसिद्ध झाला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघा संशोधकांनी जुनं मराठी वाङ्मय चाळलं. गाणी, आख्यायिका, संतचरित्रं. सुमारे साडेसातशे वर्षं मागेपर्यंत. त्यात कुठली झाडं, कुठलं गवत, कसा प्रदेश वर्णन केलाय ते त्यांनी टिपून काढलं. निघालं काय, तर पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातली विरळ झाडांची गवताळ रानं तेव्हाही होती. म्हणजे ही जंगल तोडून उरलेली भकास जमीन नव्हे. हे त्या प्रदेशाचं मूळ रूप आहे. ओव्या-अभंगांतून पर्यावरणाचा इतिहास काढायचा ही कल्पनाच मला इतकी आवडली की दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो.

मग माळावर असतं तरी काय? पावसाळ्यानंतर नुसतं चालत जाऊन बघा. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं. (कुसळीची कुसळं पायजम्यात शिरली की घरी येईपर्यंत सोडत नाहीत, हे इथे वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.) त्यात चंडोल, लावा, तित्तर, टिटवी, धाविक, पखुर्डी. थंडीत मध्य आशियाकडून येणारे भोवत्या ससाणे गवतावरून अगदी खालून तरंगत जातात. खोकड, ससा, घोरपड, काळवीट, आणि नशीब असेल तर लांडगा. आणि या गवतावर उभी असलेली शेळ्यामेंढ्यांची, गुराढोरांची सगळी अर्थव्यवस्था. जंगलातलं जैववैविध्य आपल्याला वर मान करून दिसतं, माळावरचं खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. एवढाच फरक.

इथपर्यंत पटलं असेल तर पुढचा प्रश्न येतो. चला, सगळे माळ राखीव करून टाकू? नाही. हा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झालेला आहे आणि तो कसा फसला हे समजून घेण्यासारखं आहे.

१९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या जिल्ह्यांत मिळून एक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. आमचा अख्खा जालना जिल्हा ७,७०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे एका पक्ष्याच्या नावाने जिल्ह्याहून मोठं अभयारण्य! त्यात काय नव्हतं? गावं होती, बाजारपेठा होत्या, साखर कारखाने होते, लाखो लोकांच्या खाजगी शेतजमिनी होत्या. खरा माळ, म्हणजे जिथे माळढोक राहत होता तो, या सगळ्यात विखुरलेला लहानसा हिस्सा होता.

कागदावर अभयारण्य झाल्यामुळे जमिनीच्या व्यवहारांना, बिगरशेतीला, रस्त्यांना, उद्योगांना परवानग्यांचं शुक्लकाष्ठ लागलं. ज्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक पाहिला नव्हता त्याची मुलीच्या लग्नासाठी विकायची जमीन माळढोकामुळे अडकली. त्याला त्या पक्ष्याबद्दल काय वाटलं असेल? प्रत्यक्षात मात्र एवढ्या अफाट क्षेत्रावर लक्ष ठेवणं वनखात्याला शक्यच नव्हतं. त्यामुळे ऊस वाढत गेला, विहिरी वाढत गेल्या, विजेच्या तारा वाढत गेल्या. हा पक्षी जड असतो आणि त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे तारांना धडकून मरणं हे त्याच्या मृत्यूचं आज एक मोठं कारण आहे. शेवटी बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या, समित्या होऊन २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर उशीर झाला होता. आता सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नान्नजला माळढोक टिकला होता तो ८,४९६ या आकड्यामुळे नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथे काही तुकडे चराई बंद करून राखले गेले. गवत वाढलं, किडे वाढले, आणि पक्षी तिथे येऊन अंडी घालू लागले. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. ते एक अंडं शांतपणे उबवता येईल एवढी जागा तिला हवी होती. त्या नेमक्या तुकड्यांवर, त्यांच्या भोवतालच्या ज्वारी-करडईच्या शेतांवर आणि त्या शेतकऱ्यांवर सगळी ताकद लावली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं, असं माझं मत आहे.

आता कुणी म्हणेल, मग लहानच बरं! तर तसंही नाही. गुजरातेत कच्छमध्ये याच पक्ष्यासाठी लाला इथे अभयारण्य आहे, ते जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. माळढोक दिवसाकाठी मैलोनमैल फिरणारा पक्षी. त्याला दोन चौरस किलोमीटर म्हणजे आपल्याला ओसरी. ओसरीच्या बाहेर तारा, पवनचक्क्या, कापूस. आपल्या कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीचं काळवीट अभयारण्यही २.१७ चौरस किलोमीटरच आहे. तिथे काळविटं वाढली ही चांगली गोष्ट, पण ती कुंपणाआत थोडीच बसणार? आजूबाजूच्या शेतात जाणारच.

उलट बाजूने बघा. २०२१ मध्ये सिंधुदुर्गात आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिराजवळची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. क्षेत्र २.११ हेक्टर. हेक्टर बरं का, चौरस किलोमीटर नव्हे. का? तर तिथल्या झऱ्यात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा एक बोटभर मासा सापडला, जो आदल्याच वर्षी विज्ञानाला नव्याने कळला होता. त्याच सुमारास दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली जंगली जायफळाची दलदल, २.५९ हेक्टर, अशीच वारसा स्थळ झाली. ती तर गावाने देवराई म्हणून पिढ्यानपिढ्या राखलेली. सहा-साडेसहा एकर! आपल्याकडे एखाद्या मध्यम शेतकऱ्याची जमीन असते तेवढी. पण त्या सहा एकरात जे आहे ते दुसरीकडे सहजासहजी मिळणार नाही, आणि त्याला सहा एकर पुरतात. मासा झऱ्यात राहतो, झाड दलदलीत उभं राहतं. कुठे फिरायला जात नाही.

एक मोठं अभयारण्य चांगलं की अनेक लहान चांगली, यावर शास्त्रज्ञांमध्ये १९७५ च्या सुमारास जेरेड डायमंडपासून वाद सुरू झाला आणि अनेक वर्षं चालला. मला सामान्य माणसाला त्यातून एवढंच कळतं की माप त्या जिवाचं घ्यावं. अंगरखा शिवताना शिंपी आधी अंगाचं माप घेतो, कापडाचं नंतर. आपण मात्र आधी कापड फाडतो.

मापाबरोबर हद्दही नीट आखावी लागते. त्याचं उदाहरण आमच्या शेजारीच आहे, मंठ्याहून गाडीने तासाभरावर. लोणार. उल्केच्या आघाताने झालेलं बेसॉल्टमधलं विवर, खारट आणि अतिशय अल्कधर्मी पाणी, त्यात इतरत्र न दिसणारे सूक्ष्मजीव. २००० साली ते अभयारण्य झालं, ३.६५ चौरस किलोमीटर. २०२० मध्ये रामसर यादीत गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि सगळ्या जगाने फोटो पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की हे मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं. निवडीच्या दृष्टीने लोणारसारखी जागा शोधूनही मिळणार नाही. इथे कुणाचं दुमत नाही.

पण लोणार जगतं ते विवराच्या कडेबाहेरून येणाऱ्या पाण्यावर. झरे वरून येतात, वर गाव आहे, शेतं आहेत, बोअर आहेत. गावाचं सांडपाणी आत उतरलं की पाण्याचा खारटपणा बदलतो आणि खारटपणा बदलला की त्यातलं सगळं विश्वच बदलतं. आतल्या उतारावर वेडी बाभूळ पसरली, ती काढायला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला लक्ष घालावं लागलं. म्हणजे काय, तर अभयारण्याची रेघ विवराच्या काठाने मारली म्हणून प्रश्न काठावर थांबत नाहीत. जागा अचूक निवडली तरी तिचं पाणी कुठून येतं हे पाहिल्याशिवाय काम अर्धंच.

आता घरी येतो. मंठा तालुका.

आमच्याकडे राखायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. एक, ज्या गायरानांवर अजून खरं गवत आहे ती. दोन, एका गायरानापासून दुसऱ्यापर्यंत जाणारे ओढे आणि त्यांच्या काठची झाडोरा असलेली पट्टी, कारण खोकड काय आणि लांडगा काय, तिथूनच ये-जा करतात. तीन, पूर्णेचा काठ, जिथे वाळू उपशाने पात्राची चाळण झालेली नाही असे उरलेसुरले पट्टे. यातली एकही गोष्ट जिल्ह्याच्या नकाशावर ठळक दिसणार नाही. पण एकत्र धरली तर मराठवाड्याच्या मैदानातलं रान म्हणजे हेच.

आणि घाई का, तेही सांगतो. गायरानांवर सध्या तीन बाजूंनी मागणी आहे आणि तिन्ही मागण्या वाजवी आहेत. म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

पहिली मागणी विजेची. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आली. सबस्टेशनच्या आसपासच्या सरकारी जमिनींवर, त्यात गायरानंही आली, सौर पॅनल बसवून शेतीला दिवसा वीज द्यायची. ज्यांनी डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन गव्हाला पाणी दिलंय, पायाखाली साप आहे की पाइप ते चाचपडत, त्यांना दिवसा वीज म्हणजे काय हे मी सांगायला नको. या योजनेला माझा पाठिंबा आहे, मनापासून. प्रश्न एवढाच की कुठल्या गायरानावर? मुरूम खणून खड्डा झालेलं, वेडी बाभूळ माजलेलं गायरान आधी घ्या. पवन्या-मारवेल असलेलं शेवटी. आज निवड होते ती सबस्टेशनपासून किती लांब एवढ्या एकाच हिशोबावर. त्यात गवताचा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

दुसरी मागणी भूमिहीनांची. मराठवाड्यात गायरान म्हटलं की हा इतिहास टाळता येत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. पिढ्यानपिढ्या गायरान कसून पोट भरणारी दलित, भटकी कुटुंबं आजही गावोगाव आहेत. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरच्या अतिक्रमणांची दखल घेतली तेव्हा राज्यात अशी सव्वादोन लाखांच्या आसपास प्रकरणं असल्याचं पुढे आलं, आणि नोटिसा निघाल्यावर गरिबांच्या पोटात गोळा आला. निसर्ग वाचवण्याच्या नावाखाली दोन एकरवाल्याला उठवायचं आणि पन्नास एकर दाबून बसलेल्याला हात लावायचा नाही, असलं संवर्धन मला नको. जिथे माणूस पोटासाठी कसतोय ती जमीन 'माळ' या हिशोबात धरूच नये. ती निवडीतून आधीच वजा करावी. राखायचं ते अजून गवताखाली असलेलं.

तिसरी बाजू शेतकऱ्याची. माझा चुलतभाऊ या विषयावर माझ्याशी नीट बोलत नाही. गेल्या हंगामात काळविटांनी त्याच्या हरभऱ्याचा कोवळा शेंडा खाल्ला. तो म्हणाला, "दादा, तुला एवढा पुळका हाये तर बांध की तुझ्या अंगणात." याला उत्तर काय देणार? नुकसानभरपाई आहे, पंचनामे आहेत, पण पंचनामा होईस्तोवर हरभऱ्याचा हंगाम जातो. मी त्याला एवढंच म्हणू शकलो की गायरान नांगरल्याने काळवीट नाहीसं होत नाही, त्याचा मुक्काम तुझ्या शेतात हलतो. गवत राखल्याने नुकसान थांबेल असं वचन मी देणार नाही. पण सगळं गवत संपल्यावर कमी होईल असं तरी कोण म्हणेल? त्यामुळे माळ राखायचा ठरवला तर भरपाई झटपट मिळणं हा त्या ठरावाचाच भाग असला पाहिजे. काळवीट सगळ्या महाराष्ट्राचं आणि हरभरा एकट्या आमच्या भावाचा, हा न्याय नाही.

मग करायचं काय? मोठं अभयारण्य जाहीर करा अशी मागणी मी करणार नाही. माळढोकाच्या गोष्टीनंतर तर नाहीच. कायद्यात लहान वाटा आहेत. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनंतर 'संवर्धन राखीव' आणि 'समुदाय राखीव' अशा दोन तरतुदी आल्या, ज्यात स्थानिक लोकांना विचारून काम करायचं असतं. येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी असं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जैवविविधता कायदाही २००२ चाच. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तुमच्या गावात ती समिती आहे. कागदावर तरी नक्की आहे! अनेक ठिकाणी ही नोंदवही मुदत पाळण्यासाठी घाईत उरकली गेली. पण हत्यार गावाच्या हातात आहे, गंजलेलं असलं तरी. आंबोली-बांबर्डेची वारसा स्थळं याच कायद्यातून झाली.

आणि लोक सोबत असले तर काय होतं याचंही उदाहरण फार लांब नाही. वाशीम-अकोल्याकडे 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाबरोबर माळरानं राखायचं काम करते. ज्यांना तित्तराची शीळ हुबेहूब काढता येते, ज्यांना मातीवरच्या खुणेवरून काय गेलं ते कळतं, तेच गवताचे राखणदार. शिकाऱ्याचं ज्ञान राखणीला लावायचं, यापेक्षा शहाणपणाची निवड कुठली?

२०२२ च्या डिसेंबरात मॉन्ट्रिअलला जगातल्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत पृथ्वीचा ३० टक्के भाग राखायचा. भारतातली अभयारण्यं-राष्ट्रीय उद्यानं मिळून आज पाच टक्क्यांच्या आसपास जातात. म्हणजे येत्या काही वर्षांत आकडे भरायची घाई होणार. मला भीती त्या घाईची वाटते. आकडा भरायचा तर पुन्हा सोपी जागा शोधली जाईल, डोंगरातली, जंगलाची, जिथे कुणी भांडत नाही. नाहीतर पुन्हा नकाशावर एखादी भलीमोठी रेघ मारली जाईल. टक्का वाढेल आणि धाविकाचं घरटं होतं तिथेच राहील, जेसीबीच्या वाटेत.

म्हणून माझं म्हणणं चार प्रश्नांत मांडतो. एखादी जागा राखायची म्हटली की विचारावं: इथे असं काय आहे जे आसपास दुसरीकडे उरलेलं नाही? त्या जिवाला जागा किती लागते? तिचं पाणी आणि तिच्या वाटा कुठून येतात? आणि राखल्याने पोट कुणाचं जाणार, त्याची भरपाई कोण करणार? चारही प्रश्नांची उत्तरं मिळाली तर चाळीस एकरसुद्धा पुरतात. एकही मिळालं नाही तर ८,४९६ चौरस किलोमीटरही कमी पडतात, हे आपण पाहिलंय.

असो. फारच लांबलं. वाचणाऱ्यांकडे, विशेषतः गावाकडच्या आणि गाव सुटलेल्या नातेवाइकांकडे, एकच काम आहे. आपल्या गावच्या गायरानाचा गट नंबर काय, ते किती एकर, त्यावर आज काय आहे आणि तुमच्या लहानपणी काय होतं, एवढं लिहून कळवा. आत्या-मामा मंडळींना फोन करून विचारा, त्यांना गवतांची नावं आठवतात. मी मंठ्याच्या आसपासची यादी करायला घेतली आहे. पंधरा गावांची झाली तरी ग्रामसभेत आणि तहसीलमध्ये घेऊन जाण्याजोगं काहीतरी हातात येईल. पुढच्या सौर प्रकल्पाची नाहीतर पुढच्या वृक्षारोपणाची जागा ठरण्याआधी ती यादी तिथे पोचली, तर निदान निवड तरी डोळे उघडे ठेवून होईल.